धन्याच्या ताटातला पहिला काप

संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

फादर ओडो परवा वैतागून म्हणाले, "वायमंड, काळजी करणं हे पाप नव्हे. दर शनिवारी कबुलीला येऊन मला काळज्या ऐकवत बसू नकोस. लिहून ठेव कुठं तरी, म्हणजे माझेही कान सुटतील." म्हणून ही लिहिण्याची उठाठेव. चामड्याचे जुने तुकडे आहेत, पाठकोरे. त्यावर मावेल तेवढं.

मावणार नाही असं दिसतंय. काल सणाच्या पंगतीत धनी कोसळले.

मी या घराचा कारभारी. दालनात कोण कुठं बसणार, कोणापुढं कोणतं ताट जाणार, हे माझ्या पांढऱ्या काठीच्या इशाऱ्यावर चालतं. काल सगळं रीतसर चाललं होतं. सर युस्टेस, आमचे धनी, त्यांनी नेहमीप्रमाणे हंसाचा पहिला काप काढला आणि दानाच्या ताटात ठेवला. दारातल्या गरिबांचा काप काढल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात घास घेतलेला नाही. सगळ्या मुलखाला हे ठाऊक आहे. शेजारचे सर ड्रोगो खवचटपणे म्हणालेसुद्धा, "युस्टेस, स्वर्गातली जागा फार दिवस धरून ठेवलीस. आता बसायला तरी जा." सगळे हसले. आणि धन्यांच्या हातातली सुरी खाली पडली. तोंड एका बाजूला वाकडं झालं.

माझ्या मनातून जात नाही ते हे, की मी सर ड्रोगोंना पाहुण्या आलेल्या न्यायाधीशांच्या खालच्या जागी बसवलं होतं. रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं. पण ड्रोगोंचा चेहरा उतरला, तो धन्यांनी पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या रागानंच तर झटका आला नसेल ना?

संत एडमंडचा दिवस

धनी बोलतात. शब्द घोटाळतात, पण कळतात. सकाळी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो तेव्हा रोजच्यासारखंच विचारलं, "वायमंड, घर उभं आहे का?" मी म्हणालो, "उभं आहे, धनी." एकवीस वर्षं आमचा दिवस असाच सुरू होतो. बाहेर येऊन जिन्यात डोळे पुसले.

काळजी आहे ती एमिसताईंची. धन्यांना एवढं एकच लेकरू, आणि ताईंना चौदा पुरी होणार संत लूसीच्या दिवशी, अजून तीन आठवड्यांनी. त्याआधी धन्यांनी डोळे मिटले तर पोर आणि जमीन दोन्ही राजाच्या हातात जातात, आणि राजा तिचं लग्न विकतो. गिऱ्हाईक दारातच उभं आहे. सर ड्रोगो पन्नाशीचे, दोन बायका पुरून बसलेले, आणि त्यांनी दरबारात आधीच शब्द टाकलाय म्हणतात. चौदा पुरी झाल्यावर वडील गेले, तर मात्र तिचा हात तिचा. कोणाच्या बापाला विचारायला नको.

लूसीपर्यंत, देवा. नंतर काय करायचं ते कर. असं लिहिणंही पापच असेल, पण ते फादर ओडोंना सांगणार नाही. त्यांनीच नको म्हटलंय.

संत कॅथरीनचा दिवस

आज मला आत घेतलं नाही.

सिबिल दारात उभी. ही बाईसाहेबांची, धन्यांच्या पत्नीची, माहेरची दाई, लाकडासारखी बाई. म्हणाली, "धनी झोपलेत, कारभारी." मी म्हणालो, "मी थांबतो." ती म्हणाली, "थांबून काय करता? जा, स्वयंपाकघर बघा. यापुढं ताट मी नेईन. तुम्ही दारापर्यंत आणा." मग बाईसाहेब बाहेर आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, "वायमंड, ते कोणालाच भेटत नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका असं ज्याला सांगतात, त्याच्यावरच राग असतो. मी इतकी वर्षं लोकांना दारातून परत पाठवलंय. हे वाक्य माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी

धनी जेवले! ताट चाटूनपुसून परत आलं. भटारखान्यातल्या माणसानं चुकून पावाच्या कडा न कापताच पाव दिला होता, मी त्याच्यावर ओरडणार होतो, कारण धन्यांना दाढा नाहीत. पण ताटात एक कड उरली नव्हती. मधातली नासपतीही गेली. मोहरीचं वाटण तेवढं तसंच परत आलं. धनी वाटणाशिवाय माशाला हात लावत नाहीत. आजारात तोंडाची चव जाते, त्यातलंच हे असणार.

खाली येऊन सगळ्या दालनाला सांगितलं की धन्यांना भूक लागली. लोकांनी पेले आपटले. दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

संत अँड्र्यूचा दिवस

सुखाला दृष्ट लागते ती अशी. फाटकावरच्या गरिबांतल्या टिब म्हातारीनं गाठलं. एका डोळ्याची, पण त्या एका डोळ्यातून काही सुटत नाही.

"कारभारी, धनी बरे आहेत म्हणता."

"बरे आहेत. रोज ताट फस्त करतात."

"तेच म्हणते मी. फस्तच करतात. आमचा काप कुठं राहिला मग? आजारी पडले तरी येत होता. आता चार-पाच दिवस झाले, दालनातलं उष्टं येतं, पण धन्याच्या हातचं काही येत नाही. हात आखडता घेतला का त्यांनी?"

मी तिला दटावलं. पण खरंच होतं. वरून येणाऱ्या ताटाबरोबर दानाचं ताट रिकामंच येतंय. अंगात ताकद आली आणि दानत गेली, असं कधी होतं का माणसाचं? ज्या माणसाची अख्खा मुलूख त्या एका कापावरून ओळख सांगतो, तो शेवटच्या दुखण्यात हावरा झाला असं लोक बोलणार. तोंडाला हात कोण लावणार?

सिबिलला विचारलं. "अगं, धनी दानाचा काप काढत नाहीत का?" तिनं दार अर्धं ओढून घेतलं. मग म्हणाली, "विसरत असतील." मी म्हणालो, "आठवण कर की." ती म्हणाली, "तुम्ही तुमची काठी सांभाळा," आणि दार लावलं.

तर मी एक केलंय. माझ्या ताटातला पहिला काप, कोणी हात लावायच्या आत, धन्यांच्या दानाच्या ताटात ठेवला आणि तो झाकून, ताठ मानेनं फाटकावर नेला. "धन्यांकडून," असं म्हणालो. टिबनं वास घेतला आणि म्हणाली, "आले म्हणायचे शुद्धीवर." बरे होईपर्यंत रोज नेईन. बरे झाले की सांगेन, तेव्हा रागावतील की हसतील कोण जाणे.

संत निकोलसचा दिवस

जीव टांगणीला लागलाय, आणि तीन कारणांनी.

पहिलं. वरच्या खोलीसाठी लाकडं जातात ती जळत नाहीत. जिन्यात ढीग साचलाय. खिडकी उघडी, बाहेर पाणी गोठलेलं, आणि आत आजारी माणूस. बाईसाहेबांना म्हणालो तर म्हणाल्या, वैद्यानं सांगितलंय, थंड हवेनं अंगातला दाह ओढला जातो. हा वैद्य मला भेटला तर त्यालाच रात्रभर बाहेर बसवीन. खोलीतून रोझमेरीचा पाला जाळल्याचा वास येतो, एवढा की जिन्यात शिंका येतात.

दुसरं. एमिसताई दालनात जेवायला बसतात आणि काही खात नाहीत. वडिलांसाठी उपास धरलाय म्हणे. मला वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर उपास तिला मानवलाय. गाल भरलेत. सिबिल काल तिच्या झग्याची शिवण उसवत बसली होती. भक्तीचं तेज म्हणतात ते हेच असावं.

तिसरं मात्र सगळ्यात वाईट. प्रार्थनाघराच्या बाहेर होतो, आत बाईसाहेब फादर ओडोंशी बोलत होत्या. मी मुद्दाम ऐकलं नाही. काठी भिंतीला टेकवून मोज्याची गाठ बांधत होतो.

"वायमंडला लूसीपर्यंत काही कळू द्यायचं नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "त्याच्या मनात असतं ते तोंडावर दिसतं. सगळ्या घराला कळेल."

"बिचारा," फादर म्हणाले. "फार लागेल त्याला."

म्हणजे ठरलं. लूसीनंतर मला काढणार. नवा कारभारी बघितलाही असेल. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. त्या एका जागेच्या चुकीपायी. फादर ओडो आज समोरून आले आणि माझ्याकडे न बघता गेले. इतके दिवस ज्याला नको नको ते सांगितलं तो माणूस!

तरीही फाटकावर काप नेला. नोकरी जायचीच असेल तर धन्याचं नाव राखून जाऊ दे.

लूसीच्या आधीचा रविवार

सर ड्रोगो आले. घोड्यावरून उतरतानाच ओरडले, "कारभारी, तुझे धनी जिवंत आहेत ना अजून?"

मी जिन्याच्या पायरीवर उभा राहिलो, काठी आडवी धरून. "काल दुपारी वाम खाल्ली, अख्खी. फक्त काटा परत आला. वर दोन नासपती."

"वा. मरणाऱ्या माणसाला एवढी भूक?" ते माझ्या अगदी जवळ आले. "बाजूला हो. मला भेटायचंय."

"धन्यांनी बोलावल्याशिवाय मीसुद्धा जात नाही."

"तुला तर रोज बोलावतात. शेवटचं कधी भेटलास?"

मला खोटं बोलता येत नाही. प्रयत्न केला तर कान लाल होतात. म्हणालो, "कॅथरीनच्या दिवसापासून बोलावलेलं नाही." त्यांचे डोळे बारीक झाले. मी पुढं बोलत गेलो, थांबता येईना. "माझ्यावर रागावलेत. मार्टिनच्या पंगतीत मी तुम्हाला न्यायाधीशांच्या खाली बसवलं ना, म्हणून. तोंडही बघत नाहीत माझं. लूसीनंतर मला काढणार आहेत. तुमचा मान राखला नाही म्हणून एकवीस वर्षांची चाकरी गेली माझी." आणि सगळ्यांदेखत मला रडू आलं. साठीचा माणूस, हातात काठी, आणि नाक वाहतंय.

सर ड्रोगोंनी माझ्याकडे बघितलं आणि मग ते हसायला लागले. पोट धरून हसले. "म्हणजे युस्टेसला माझा मान कळतो तर! अरे, रडू नकोस. मरत नाही तो. राग धरणारा माणूस मरत नसतो." माझ्या पाठीवर थाप मारली, दोन पेले दारू घेतली आणि गेले.

वर बघितलं तर बाईसाहेब जिन्याच्या वळणावर. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. खाली आल्या, आणि माझा हात, काठीचा हात, दोन्ही हातांत धरला. काढायच्या आधी माणूस असाच गोड वागतो.

संत लूसी

एमिसताई चौदाच्या झाल्या. धनी आहेत. देवा, तू ऐकलंस.

दालनात जास्तीच्या मेणबत्त्या लावल्या. ताईंनी आज पोटभर खाल्लं, उपास सुटला म्हणाल्या. पण खाताना मधेच थांबायच्या आणि छताकडे बघायच्या. वरच्या खोलीतलं ताट आज पहिल्यांदाच तसंच परत आलं. मला ते आवडलं नाही.

लूसीचा दुसरा दिवस

धनी गेले. बाईसाहेबांनी पहाटे सांगितलं.

मला आत घेतलं. खोली मांस ठेवायच्या कोठीसारखी गार. धनी मेणकापडात गुंडाळून शिवलेले होते, चेहराही झाकलेला. म्हणालो, "इतक्यात शिवलं?" सिबिल म्हणाली, "माझा हात चलाख आहे." टाके बघितले. बारीक, सावकाश घातलेले टाके होते. धाग्याच्या गाठीवर धूळ होती.

मनात पाल चुकचुकली. मी तिला हाकललं. पायथ्याशी, माझ्या जागेवर उभा राहिलो. कोणी विचारलं नाही, तरी म्हणालो, "उभं आहे, धनी." बाईसाहेबांनी तोंड फिरवलं.

पुरल्याच्या दिवशी

कारभाऱ्याची काठी धन्याबरोबर जाते. खड्ड्याच्या काठावर ती गुडघ्यावर मोडली. पहिल्यांदा मोडेना. लोकांना वाटलं मी मुद्दाम करतोय. दुसऱ्यांदा मोडली आणि दोन्ही तुकडे आत टाकले. आता मी कोणाचाच कोणी नाही.

परत येतो तर फाटकावर सर ड्रोगो आणि राजाचा अंमलदार. अंमलदार सर्दीनं बेजार, सावकाश बोलणारा माणूस. अशी माणसं धोक्याची.

"चौदा पुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी बाप मेला," सर ड्रोगो म्हणाले. "इतका वेळेवर कोणी मरतं का? माझं म्हणणं, तो आधीच गेला होता. ताटं जात होती म्हणे. ताट कोणीही रिकामं करेल. पण युस्टेस दानाचा काप काढल्याशिवाय घास घेत नसे, हे तुम्हीही ऐकलंय. मेलेला माणूस दान करत नाही, आणि लपवणाऱ्यांना असली गोष्ट आठवत नाही. या भिकाऱ्यांना विचारा. आत्ता, माझ्यासमोर."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या क्षणी, त्या फाटकात, मला सगळं एकदम दिसलं. पावाची कडही न उरलेली ताटं. मोहरीचं वाटण. न जळलेली लाकडं. उसवलेला झगा. भक्तीचं तेज! गाढवा वायमंड.

अंमलदारानं टिबला विचारलं, "म्हातारे, धन्याच्या ताटातला काप कधी बंद झाला?"

टिबचा एक डोळा माझ्यावरून फिरला. तिनं मला पंधरवडाभर झाकलेलं ताट आणताना बघितलं होतं. माझ्या पानात काय वाढतात तेही तिला ठाऊक असणार. बाईसाहेब पायरीवर उभ्या होत्या, चुन्यासारख्या पांढऱ्या.

"बंद?" टिब म्हणाली. "मधे दोन-चार दिवस खंड पडला होता, जास्त आजारी होते तेव्हा. संत अँड्र्यूपासून रोज आला की. परवापर्यंत. कडेसकट पाव, वर मासा. धन्याच्या हातचं खाल्लंय मी, साहेब. तुमच्या दारात मिळतं का असलं?"

मागची माणसं हसली. सर ड्रोगो लाल झाले. अंमलदार नाक पुसून माझ्याकडे वळला. "कारभारी, काप कोणी आणला?"

"मी."

"रोज?"

"रोज. माझ्या हातानं, धन्यांच्या दानाच्या ताटात."

"शपथ घेशील?"

फादर ओडो पुस्तक घेऊन आले. माझ्याकडे न बघता त्यांनी ते पुढं धरलं. मी हात ठेवला आणि जे केलं होतं तेच बोललो. अक्षर खोटं नव्हतं. कान लाल झाले असतील तर थंडीनं.

अंमलदार म्हणाला, "या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हीच मला वाटेत सांगितलंत, सर ड्रोगो." आणि घोड्यावर बसला.

संत थॉमसचा दिवस

कोणी मला काढलं नाही. सकाळी सिबिल आली, हातात नवी पांढरी काठी. "घ्या," म्हणाली. "आणि माझ्या टाक्यांकडे पुन्हा बघू नका."

एमिसताई आज पहिल्यांदा मोठ्या खुर्चीवर बसल्या. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. मी शेजारी उभा, दानाचं ताट घेऊन. त्यांनी माशाचा पहिला काप काढून ताटात ठेवला. बरोबर. मग दुसरा काढला.

"एकच, ताईसाहेब," मी हळूच म्हणालो.

"हा बाबांचा." आवाज इतका बारीक की मला आणि बाईसाहेबांनाच ऐकू गेला. "मधे त्यांच्या ताटातनं गेलाच नाही. सिबिल म्हणायची, लवकर खा, आणि मला रडू यायचं, मग मी विसरायचे. त्यांनी जन्मात कधी चुकवला नाही, कारभारीकाका. आणि शेवटी माझ्यामुळं चुकला."

बाईसाहेबांचा चमचा हवेतच राहिला.

मी वाकलो. "चुकला नाही, ताईसाहेब. टिबनं सांगितलं ते कानावर आलं नाही का? मधले दोन-चार दिवस सोडले तर रोज गेला."

"ती खोटं बोलली ना पण? तुम्हाला वाचवायला. आम्हाला."

"खोटं नाही. गेला. माझ्या ताटातनं गेला, धन्यांच्या नावानं."

चमचा खाली ठेवून बाईसाहेब म्हणाल्या, "वायमंड, तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"नाही, बाईसाहेब. मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, धनी विसरले." मी ताटाकडे बघितलं आणि कारभाऱ्यानं जे बोलायचं तेच बोललो. "पण ताईसाहेब, मोहरीचं वाटण तेवढं खायला हवं होतं. धनी त्याशिवाय माशाला हात लावत नसत. ड्रोगोंनी ते विचारलं असतं, तर आपण बुडालो होतो."

ताईसाहेब हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग त्यांनी वाटणाची वाटी ओढली, बोटभर वाटण तोंडात घातलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गिळलं आणि म्हणाल्या, "शी. बाबा हे कसं खायचे?"

मी काठी जमिनीवर आपटली आणि दालनाला वाढायला सांगितलं.